हापूसची पेटी, मोबाईल आणि नवा दलाल

कोकणातील आंबा बागायतदाराचा धंदा वर्षातून अडीच-तीन महिन्यांचा. मार्चच्या मध्यापासून माल हाती येऊ लागतो, एप्रिल-मे हा भराचा काळ आणि जूनच्या पहिल्या पावसाबरोबर सारे आटोपते. खर्च मात्र वर्षभर चालूच असतो. खत, फवारणी, बाग राखणाऱ्याचा पगार, तोडणीची मजुरी, पेट्या, गवत, गाडीभाडे. हा पैसा कोठून आणावयाचा? पिढ्यानपिढ्या ह्याचे उत्तर एकच होते. पूर्वी क्रॉफर्ड मार्केटचा आणि नंतर वाशीचा दलाल. तो पावसाळ्यानंतर उचल देई आणि ज्याची उचल घेतली त्याच्याच गाळ्यावर माल पाठवावयाचा, हा न लिहिलेला करार असे. माल गेल्यावर काही दिवसांनी पट्टी येई. पट्टीतला भाव दलालाने लिहिलेला, हमाली-भाडे-अडत ही वजावटही त्यानेच केलेली. आपली पेटी कोणी घेतली, ती कोणत्या घरात फोडली गेली, खाणाऱ्याला आंबा गोड लागला की आत साका निघाला, ह्यातले काहीही बागायतदाराला कधी कळत नसे. चाळीस वर्षे आंबा विकूनही आपल्या एकाही गिऱ्हाईकाचे नाव त्याला ठाऊक नाही, अशी ही स्थिती होती.

२०१६ हे वर्ष ह्या धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. एप्रिलमध्ये यू. पी. आय. ही मोबाईलवरून पैसे पाठविण्याची पद्धत सुरू झाली. जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, म्हणजे बागायतदाराने समितीच्या आवाराबाहेर थेट माल विकला तर त्यात आडकाठी उरली नाही. आणि सप्टेंबरमध्ये जिओ आले व इंटरनेट एकदम स्वस्त झाले. ह्या तीन गोष्टी कोणी ठरवून एकत्र आणल्या नव्हत्या, पण त्यांचा परिणाम एकत्रच झाला. मग २०२० चा मार्च उजाडला. टाळेबंदी लागली, ऐन मोसमात वाहतूक आणि बाजार विस्कळीत झाले, झाडावर फळ तयार आणि घेणारा घरात कोंडलेला. त्या वर्षी रमजानचा महिनाही एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला होता, म्हणजे फळांना मागणी होती, पण माल पोहोचत नव्हता. तेव्हा अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपला माल विकला. एका सोसायटीतून वीस-पंचवीस पेट्यांची मागणी गोळा व्हावी, टेम्पो थेट फाटकाशी जावा आणि पैसे मोबाईलवर यावेत, असा हा व्यवहार होता. एस. टी. महामंडळाने त्या मे महिन्यात मालवाहतूक सुरू केली, तिनेही आंब्याच्या पेट्या वाहिल्या.

अडचणीत सापडलेला हा मार्ग टाळेबंदी उठल्यावरही बंद झाला नाही. आज रत्नागिरी, राजापूर, देवगड, गुहागर, मंडणगड अशा सर्वच तालुक्यांतील तरुण मुले फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर आंबा विकताना दिसतात. आम्हाला ह्याचा आनंद आहे. पण ह्या साधनांविषयी जे बोलले जाते ते बहुधा विकत घेतलेल्या जाहिरातीसारखे असते, 'पेज उघडा आणि ऑर्डरींचा पाऊस पाहा' ह्या थाटाचे. म्हणून आज जरा सविस्तर लिहावयाचे आम्ही ठरविले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप हेसुद्धा दलालच होत. ते उचल देत नाहीत आणि पट्टी पाठवीत नाहीत, एवढाच फरक. गिऱ्हाईक त्यांच्या गाळ्यावर येते, आपल्या नव्हे. आपली जाहिरात कोणाला दाखवावयाची, कितीजणांना दाखवावयाची, हे ते ठरवितात. त्यातही हे तीन वेगवेगळे गाळे आहेत अशी कोणाची समजूत असेल तर तीही खरी नाही. इन्स्टाग्राम २०१२ मध्ये आणि व्हॉट्सॲप २०१४ मध्ये फेसबुकने विकत घेतले, म्हणजे पाट्या तीन आणि मालक एक. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ह्या कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला तेव्हा तिन्ही गोष्टी जगभर सुमारे सहा तास एकाच वेळी बंद पडल्या. ऑक्टोबरात आंबा नसतो म्हणून आपल्याला फारसे जाणवले नाही. हेच एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, टेम्पो खंबाटकीच्या घाटात असताना झाले असते तर पेट्या कोणाच्या दारात उतरवावयाच्या होत्या?

ऑर्कुट नावाचे एक ठिकाण होते, ते ज्यांना आठवते त्यांची मुले आता कॉलेजात जात असतील. २०१४ च्या सप्टेंबरअखेर ते बंद झाले. गुगलने काढलेले गुगल प्लस २०१९ मध्ये आटोपले. टिकटॉकची गोष्ट तर ताजी आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यांत ते होते, आणि ज्यांनी वर्ष-दोन वर्षे खपून तेथे हजारो लोक जोडले होते त्यांचा तो सर्व गोतावळा एका दिवसात दिसेनासा झाला. त्या लोकांचे फोन नंबर त्यांच्याजवळ नव्हते. दुकान जळाले तर विमा तरी मिळतो.

तेव्हा ह्या नव्या दलालाकडे जावे, अवश्य जावे, पण गिऱ्हाईकाचे नाव आपल्या वहीत उतरवून घेऊन घरी यावे. जुन्या दलालाने आपल्याला हेच करू दिले नव्हते.

वही म्हणजे काय?

वही म्हणजे खरोखरची वही. दोनशे पानी, रेघांची. संगणकावर ठेवता येत असेल तर तेथेही ठेवावी, पण कागदावरची सोडू नये. प्रत्येक गिऱ्हाईकाचे नाव, मोबाईल क्रमांक, राहण्याचे ठिकाण, किती डझन घेतले, कोणत्या तारखेला पोहोचले, कच्चा माल हवा होता की तयार, काही तक्रार होती का, तिचे आपण काय केले आणि मुख्य म्हणजे ते कोणाच्या सांगण्यावरून आले. हा शेवटचा रकाना बहुतेकजण ठेवीत नाहीत. तीन मोसम हा रकाना भरला तर असे दिसून येईल की निम्मा धंदा आठ-दहा माणसांच्या शब्दावर चालला आहे. कोणी शाळेतील शिक्षिका, कोणी सोसायटीचे सेक्रेटरी, कोणी बँकेतील कारकून. मोसमाची पहिली पेटी कोणाकडे जावी हे ह्या रकान्यावरून ठरवावे.

नंबर घेताना 'पुढील वर्षी आंबा सुरू झाल्यावर कळविले तर चालेल ना?' असे विचारून घ्यावे. २०२३ साली आपल्याकडे लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. पण कायदा नसता तरी विचारलेले बरे. ज्याने 'हो' म्हटले आहे तो संदेश वाचतो. ज्याला न विचारता पाठविला तो ब्लॉक करतो आणि अशा तक्रारी वाढल्या तर व्हॉट्सॲप तो क्रमांकच बंद करते. ऐन मोसमात क्रमांक बंद होणे म्हणजे काय हे सांगावयास नको.

क्रमांकावरून आठवले. कितीतरी घरांत धंद्याचा मोबाईल क्रमांक मुलाच्या नावावर असतो. मुलगा कामानिमित्त दुबईला किंवा दोहाला जातो, सिमकार्ड त्याच्याबरोबर जाते, काही महिने रिचार्ज होत नाही आणि कंपनी तो क्रमांक काढून दुसऱ्यालाच देते. पेटीवर छापलेला, शेकडो लोकांनी जपून ठेवलेला क्रमांक मग कोणा अनोळखी माणसाकडे वाजतो. आंब्याच्या धंद्यात तर हा धोका अधिक, कारण जून ते फेब्रुवारी त्या फोनकडे कोणी पाहत नाही. धंद्याचा क्रमांक स्वतंत्र असावा, घरात राहणाऱ्या माणसाच्या नावावर असावा आणि पावसाळ्यातही त्याचा रिचार्ज चुकू नये.

व्हॉट्सॲपचे दोन प्रकार आहेत. धंद्यासाठीचे 'व्हॉट्सॲप बिझनेस' जानेवारी २०१८ पासून मिळू लागले, छोट्या दुकानदाराला ते फुकट आहे. त्यात मालाची यादी छायाचित्र व भावासह लावून ठेवता येते, ठराविक प्रश्नांची तयार उत्तरे साठविता येतात आणि गिऱ्हाइकांना 'पैसे आले', 'पेटी रवाना', 'पोहोचली' अशा खुणाचिठ्ठ्या लावता येतात. ज्याच्याकडे दिवसाला पन्नास संदेश येतात त्याला ह्या खुणाचिठ्ठ्यांचे मोल कळेल.

आता एक बारकी पण कामाची गोष्ट. ग्रुप काढावा की यादी? आपले तरुण हटकून ग्रुप काढतात. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो. शेजारच्या बागेचा माणूस नातेवाइकाच्या नावाने त्यात शिरतो आणि दोन दिवसांत आपल्या सर्व गिऱ्हाइकांना त्याचा भाव जातो. शिवाय एकाच्या पेटीत दोन फळे खराब निघाली की ते सर्वांसमोर वाजते आणि इतर पंधराजणांना आपापल्या पेटीत खोट दिसू लागते. त्यापेक्षा 'ब्रॉडकास्ट' यादी चांगली. संदेश एकदाच लिहावयाचा, पण तो प्रत्येकाला स्वतंत्र पत्रासारखा जातो. एका यादीत २५६ नावे बसतात, यादी मात्र हव्या तितक्या करता येतात. तिची एक अट आहे. ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये नावानिशी जपून ठेवला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. म्हणून प्रत्येक पेटीत एक लहानसे कार्ड टाकावे. त्यावर बागेचे नाव, गाव, क्रमांक आणि 'हा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन करा, पुढील मोसमाची खबर मिळेल' एवढे लिहावे. हे कार्ड छापावयास फार पैसे लागत नाहीत आणि एवढी खात्रीची जाहिरात दुसरी नाही, कारण ज्याच्या तोंडात आपल्या आंब्याची चव आहे त्याच्याच हातात ते पडते.

सोसायट्यांचे ग्रुप वेगळे. ते आपले नव्हेत, तेथे आपण पाहुणे. एखाद्या रहिवाशामार्फत जावे, दर दिवसाआड जाहिरात टाकू नये, मागणी त्या रहिवाशानेच गोळा करावी आणि त्याला एखादी पेटी सवलतीत द्यावी. ती सवलत लपवूनही ठेवू नये.

दाखवावयाचे काय?

सणासुदीची तयार चित्रे, गुलाबाची फुले, 'सुप्रभात' असे संदेश रोज पाठविणे म्हणजे गिऱ्हाईक जोडणे, अशी एक समजूत पसरली आहे. ह्या चित्रांनी आजवर कोणाची एक पेटी खपली असेल तर ते आम्हाला कळवावे. गिऱ्हाइकाला शहरात जे दिसत नाही ते दाखवावे. डिसेंबर-जानेवारीत मोहोर येतो तेव्हा मोहोराचे छायाचित्र. थंडी लांबली आणि पुन्हा मोहोर फुटला तर त्याने आधीची बारीक फळे कशी गळतात, हे चार ओळींत. तुडतुडे, फुलकिडे, अवकाळी पाऊस, हे सर्व सांगावे. वर्षभर हे पाहिलेले गिऱ्हाईक एप्रिलमध्ये 'भाव एवढा का?' असे विचारीत नाही. झेल्याने फळ कसे उतरवितात, 'चौदा आणे' तयार फळ कसे ओळखतात, अढी कशी घालतात, ह्याचे अर्ध्या-एक मिनिटाचे चलचित्र आपल्या साध्या फोनवर निघते. टिकटॉक गेल्यावर जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने 'रील' भारतात आणले, तेथे आणि फेसबुकवर ही छोटी चलचित्रे परक्या माणसांपर्यंतही जातात. घरातील वडीलधाऱ्यांनी फळ हातात घेऊन आपल्या बोलीत दोन वाक्ये सांगितली तर ती कोणत्याही भाडोत्री निवेदकापेक्षा सरस ठरतात. छायाचित्रावर रंग मात्र चढवू नये. फोनमध्ये रंग गडद करण्याची सोय असते, तिने हिरवट फळ केशरी दिसते आणि पेटी उघडल्यावर गिऱ्हाईक आपल्याला खोटे समजते.

फेसबुकवर धंदा स्वतःच्या खासगी खात्यातून करू नये, स्वतंत्र 'पेज' काढावे. खासगी खात्यात पाच हजारांहून अधिक मित्र घेता येत नाहीत, आणि धंद्याच्या मजकुरात घरच्या लग्नाचे फोटो मिसळणे बरे दिसत नाही. पेजवर टाकलेला मजकूर पेज पसंत करणाऱ्या सर्वांना दिसत नाही, थोड्यांनाच दिसतो. बाकीच्यांना दाखविण्यासाठी पैसे मोजावे लागतात. येथे नव्या दलालाची अडत सुरू होते. पैसे द्यावयास हरकत नाही, पण थोडे देऊन पाहावे. जाहिरात कोणत्या भागात दाखवावयाची हे निवडता येते. टेम्पो ज्या भागात जाणार तोच भाग निवडावा. मुंब्रा आणि मीरा रोडची फेरी ठरली असेल तर जाहिरात नागपुरात दाखवून काय उपयोग? आणि 'इतक्या हजार लोकांनी पाहिली' ह्या आकड्यावर खूश होऊ नये. किती पेट्या गेल्या, ते वहीतून काढावे. 'फॉलोअर वाढवून देतो' म्हणून पैसे मागणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवावे. ते आणतात ती खाती आंबा खात नाहीत.

तक्रार आणि साका

हापूसमध्ये साका नावाचा दोष असतो. बाहेरून फळ निर्दोष, देखणे. कापल्यावर आत फिकट, स्पंजासारखा, आंबट भाग. बाहेरून तो ओळखता येत नाही. उन्हाच्या तापाशी त्याचा संबंध आहे असे अभ्यासक सांगतात. फळ झाडावर फार पिकू न देता वेळेत उतरविले आणि तोडल्यावर उन्हात न ठेवता सावलीत आणले तर तो कमी होतो, पण अजिबात जाईल असे कोणी म्हणू शकत नाही. वाशीला माल पाठवीत होतो तोवर साक्याची तक्रार आपल्यापर्यंत येत नव्हती. आता ती छायाचित्रासह येते, रात्री साडेदहाला, आणि कधीकधी थेट पेजवर सर्वांना दिसेल अशी येते.

ह्या प्रसंगी काय करावे ह्यावर सर्व धंदा अवलंबून आहे असे आमचे मत आहे. काहीजण ती तक्रार पुसून टाकतात. मग तो माणूस दहा ठिकाणी तेच लिहितो. काहीजण वाद घालतात, 'आमच्याकडे असा माल नसतोच'. ज्या धंद्यात साका आहे त्या धंद्यात हे वाक्य खोटे आहे. उत्तर त्याच ठिकाणी, त्याच दिवशी, दोन ओळींत द्यावे. फळ खराब निघाले ह्याबद्दल खेद आहे, किती फळे निघाली ते कळवा, पुढील फेरीत तेवढी बदलून देऊ किंवा पैसे परत करू. आणि मग तसे करावे. त्याहून चांगले म्हणजे साका काय असतो हे मोसमाच्या सुरुवातीलाच स्वतः लिहून टाकावे आणि डझनामागे किती फळांपर्यंत आपण भरपाई देतो तेही सांगावे. ज्याला आधी सांगितले आहे तो तक्रार करतानाही सौम्य बोलतो. अढी घालणे माहीत नसलेली शहरी मंडळी कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवतात आणि मग तो पिकत नाही म्हणून भांडतात. त्यासाठी कार्डाच्या मागच्या बाजूस चार सूचना छापाव्यात. कार्बाइडने फळ पिकविण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांनी बंदी आहे, हे आपले बागायतदार जाणतात. आपण गवतात पिकवितो हे सांगावे, पण ते खरे असेल तरच.

येथे एका मोहाविषयी स्पष्टच लिहितो. मे महिन्याच्या मध्यावर आपला माल संपत आलेला असतो आणि फोनवर मागणी तर वाढलेली असते. बाजारात कर्नाटकचा आंबा दिसावयास हापूससारखाच, भाव मात्र निम्म्यावर. तो आणावा, आपल्या पेटीत भरावा आणि 'रत्नागिरी हापूस' म्हणून पाठवावा, गिऱ्हाईकाला काय कळते? २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग व लगतच्या कोकणपट्टीतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परक्या मालावर ते नाव लावणे हा गुन्हा असून त्यास कैद व दंडाची शिक्षा आहे. बनावटगिरी रोखण्यासाठी देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या मोसमात फळावर सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर लावण्याची पद्धतही आणली. पण कायद्याचा विचार बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. वाशीच्या ढिगात मिसळलेला परका आंबा कोणाच्या बागेतून आला हे कळत नव्हते. येथे पेटीवर आपले नाव आहे, गाव आहे, फोन आहे आणि खाणाऱ्याने गेली तीन वर्षे आपलाच आंबा खाल्लेला आहे. त्याला कळते. माल संपला तर 'आमच्या बागेतील फळ संपले' असा संदेश पाठवावा. शेजाऱ्याच्या बागेचे फळ देत असाल तर शेजाऱ्याचे म्हणून द्यावे.

पैशाची देवघेव करताना सावध असावे. आगाऊ पैसे घेऊन गायब होणारी बनावट पाने दर मोसमात निघतात, त्यावर छायाचित्रे आपल्याच बागांची असतात. आपले छायाचित्र दुसऱ्या पेजवर दिसले तर त्या पेजची तक्रार फेसबुककडे करावी आणि आपल्या यादीला लगेच कळवावे. विकणाऱ्यालाही फसविणारे आहेत. 'मी लष्करात आहे, पन्नास पेट्या हव्यात, हा कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील' असा फोन येतो. पैसे येण्यासाठी आपला पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच, हे घरातील प्रत्येकाला पाठ करून द्यावे. व्हॉट्सॲपचा सहा अंकी कोड कोणालाही सांगू नये आणि त्यातील दुहेरी पडताळणीचा पिन लावून ठेवावा. फसवणूक झालीच तर १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, पहिल्या काही तासांत पैसे अडविता येण्याची शक्यता अधिक असते.

परदेशातील आप्तांकडून पुष्कळ विचारणा येते. मस्कतहून, कुवेतहून, लंडनहून. आंबा परदेशी पाठविणे हे नोंदणीकृत निर्यातदाराचे काम आहे, त्यास तपासण्या आणि कागदपत्रे लागतात, काही देशांसाठी खास प्रक्रियाही करावी लागते. ते आपण कुरिअरने करू नये. पण हेच आप्त मुंबईतील आई-वडिलांच्या घरी, बहिणीच्या सासरी, जुन्या शेजाऱ्यांकडे पेट्या पाठवू इच्छितात. पैसे परदेशातील मुलाने भरावयाचे, पेटी कौशात किंवा बांद्र्यात उतरावयाची आणि पेटी उघडतानाचे छायाचित्र मुलाला जावयाचे. आपल्या कोकणी घरांतील निम्मी माणसे गल्फमध्ये आहेत असे म्हणतात. जोडलेले लोक म्हणजे काय ते ह्यांच्याहून अधिक दुसरे कोण?

हिशेब

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, भाव दर आठवड्यास बदलतो. समजा घरपोच गिऱ्हाईक डझनाला ८०० रुपये देते आणि वाशीच्या पट्टीत सर्व वजा जाता ४०० हाती पडतात. फरक ४०० चा. पाहणारा म्हणतो, दुप्पट झाले. पण पुठ्ठ्याच्या खोक्याचे व गवताचे ५०, मुंबईपर्यंतचे भाडे ६०, मुंबईत दारोदार पोहोचविण्याचे ८०, खराब फळांच्या भरपाईचे ४० आणि जाहिरातीचे ३०, असे २६० गेले. उरले १४०. शंभर पेट्या, पेटीत पाच डझन, म्हणजे पाचशे डझनांवर सत्तर हजार रुपये. हे थोडे नाहीत, पण दुप्पटही नव्हेत, आणि फोनवर बसणाऱ्या माणसाची मजुरी ह्यात धरलेली नाही. तो माणूस बहुधा घरातील सून किंवा मुलगी असते, म्हणून ती कोणी धरीत नाही. ती धरावी आणि द्यावी.

ह्यात सर्वांत जड आकडा दारोदार पोहोचविण्याचा आहे. एकाच सोसायटीत वीस पेट्या उतरल्या तर हे ८० रुपये ३० वर येतात आणि उरलेले १४० चे १९० होतात. म्हणजे शहरभर विखुरलेली पाचशे गिऱ्हाइके असण्यापेक्षा दहा सोसायट्यांत दोनशे असणे फायद्याचे. जाहिरात दूरवर पसरविण्याच्या नादात हे विसरले जाते.

यादी मोसमापुरती वापरून पुढील फेब्रुवारीपर्यंत झोपू देऊ नये. आंबापोळी, फणसपोळी, लोणचे, आमसुले, काजूगर हा घरच्या बायकांच्या हातचा माल ह्याच लोकांना पावसाळ्यात व दिवाळीच्या सुमारास देता येतो. मात्र घरी तयार केलेला खाद्यपदार्थ विकावयाचा तर अन्नसुरक्षा विभागाकडे नोंदणी लागते, तिचा क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. ताज्या आंब्यावर जी. एस. टी. नाही, प्रक्रिया केलेल्या मालाचे तसे नाही. ते आपल्या हिशेबनिसाला विचारून घ्यावे.

शेवटी वाशीविषयी. मोठ्या बागेचा सर्व माल फोनवरून विकला जाईल अशी आशा धरू नये. फळ एकदम तयार होते, एका आठवड्यात दोनशे पेट्या निघतात आणि त्या दारोदार पोहोचविणे घरच्या चार माणसांना झेपत नाही. पहिल्या वर्षी मालाचा दहावा हिस्सा, तोही चांगला, निवडक, थेट गिऱ्हाइकांसाठी ठेवावा, बाकीचा नेहमीच्या वाटेने जाऊ द्यावा. वहीत दोन-तीनशे नावे पक्की झाली की हिस्सा वाढवावा. ज्यांनी ह्या वर्षी दलालाकडून उचल घेतली आहे त्यांनी ठरलेला माल त्याच्या गाळ्यावर आधी पोहोचवावा, हिशेब मिटवून पावती घ्यावी आणि पुढील वर्षीची उचल घेण्यापूर्वी वही उघडून पाहावी की पहिल्या पंधरवड्याच्या फवारणीचा खर्च भागेल एवढी आगाऊ मागणी तीत आहे का. मोहोर येण्याच्या सुमारास नेहमीच्या गिऱ्हाइकांकडून पेटीमागे थोडी रक्कम घेऊन नाव नोंदविण्याची पद्धत काहीजणांनी सुरू केली आहे. ती घेतलेली रक्कम, तारीख आणि पीक बुडाल्यास परत करण्याचा करार लेखी, व्हॉट्सॲपवर का होईना, दोन्ही बाजूंकडे असावा.